तुझ्या नावाचा गुडघा

आकुर्डी,
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

प्रिय मंतशा हिला आपाचा सलाम आणि पुष्कळ दुआ.

इकडे आम्ही तिघं ठीक आहोत. ठीक म्हणजे जेवतो, झोपतो, एकमेकांशी कामापुरतं बोलतो. तूही फुप्पीकडे वेळेवर जेवत असशील असं धरून चालते. फुप्पीची डाळ पातळ असते, पण तक्रार करू नकोस. तीन आठवडे सांभाळतेय ती तुला.

तू फोन उचलत नाहीस आणि व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या निरोपापुढे एकच टिक राहते, म्हणून कागद घेऊन बसले. घरात आपण बोलतो वेगळं, पण लिहायचं म्हटलं की मला मराठीच येते, महापालिकेच्या शाळेतली. अक्षर अजून चांगलं आहे बघ. समोरच्या सुमनताई उद्या सकाळी लेकीकडे दिघीला जाणार आहेत, फुप्पीच्या घरावरूनच, त्यांच्या हाती हे देते. त्या म्हणाल्या, काय गं, मोबाइल असताना चिठ्ठी कसली? मी म्हटलं, बहीण मोठी झाली, आता लेखी अर्ज लागतो.

हे पत्र उद्याच वाच आणि शेवटपर्यंत वाच. सोमवारी तुला चाकणला कंपनीत पुन्हा मेडिकलला बोलावलंय, हे मला माहीत आहे. त्याबद्दलच लिहायचं आहे, पण ते पहिल्या पानावर माझ्या हातून होणार नाही. थोडं इकडचं तिकडचं लिहू दे.

अब्बांच्या गॅरेजात परवा पहिल्यांदा बॅटरीवाली स्कूटर आली. अब्बांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, हिला इंजिनच नाही, मग ही आजारी कशी पडली? गिऱ्हाईक हसलं, अब्बा हसले नाहीत. तीस वर्षं उकिडवं बसून गाड्या उघडल्या त्यांनी आणि गुडघे अजून शाबूत आहेत. घरात गुडघा जायचा होता तो माझा गेला.

अम्मी अजून चार ताटं काढते आणि मग एक परत ठेवते. ठेवताना आवाज करते. तो आवाज माझ्यासाठी असतो.

तू गेलीस त्या दिवसाचं मला रोज आठवतं. चाकणहून पहिलं मेडिकल करून आलीस, बॅगसुद्धा खाली ठेवली नव्हतीस. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तू डाव्या पायाची सलवार गुडघ्याच्या वर ओढलीस आणि मला विचारलंस, "आपा, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी झालं?" मी कणीक मळत होते. मला उत्तर येत होतं, पण मी म्हटलं, "आधी हातपाय धू." तुझ्या जागी मी असते तर मीही घर सोडलं असतं. त्या वेळी तुला उत्तर मिळालं नाही. आज देते. त्यातलं अर्धं तुला माहीत आहे, तरीही सगळं लिहिते, कारण गुरुवारी मला हे एका कागदावर लिहून द्यावं लागलं आणि तेव्हा ते पहिल्यांदा माझ्या डोक्यात ओळीने लागलं. गुरुवारचं मागून सांगते.

लॉकडाऊन उठल्यावर चाकणच्या त्या वायरिंगच्या कंपनीत बायका घेत होते. ठेकेदाराला सव्वीसच्या आतली, बारावी पास मुलगी पाहिजे होती. मी एकोणतीसची. दहावीच्या परीक्षेआधी माझा निकाह लावून दिला आणि चार वर्षांनी मी परत आले, ते तुला सांगायला नको. तुझ्याकडे बारावीची मार्कशीट होती आणि तू डिप्लोमाला लागली होतीस. मी तुझ्या आधारची आणि मार्कशीटची झेरॉक्स मागितली. तू हसत दिलीस. म्हणालीस, "बरं झालं, मी कॉलेजातही असेन आणि कंपनीतही, देव दोन पगार देईल." सुपरवायझर साहेबराव फोटोकडे बघून माझ्याकडे बघायचा आणि मान हलवायचा. आमच्या लाइनवर निम्म्या बायका कोणाच्या ना कोणाच्या नावावर होत्या. माझ्या शेजारच्या कौशल्याबाई त्यांच्या सुनेच्या कागदांवर लागलेल्या, हजेरीला रुपाली म्हटलं की पन्नाशीची बाई हो म्हणायची. आम्हाला त्यात काही वाटत नव्हतं. घरात एकीचा ड्रेस दुसरीने घालावा तसं होतं ते.

पाच वर्षं मी मंतशा या हाकेला वळून बघत आले.

मग दोन हजार तेवीसच्या जानेवारीत लाइनच्या पायरीवरून क्रेट घेऊन उतरताना माझा पाय मुडपला. आमच्या कामात वायरचं टोक कनेक्टरमध्ये ढकलायचं, खट असा आवाज ऐकायचा, मग हलकं ओढून बघायचं, बसलं की नाही. तसाच खट आवाज गुडघ्यातून आला. ओढून बघायची गरज पडली नाही, मी खालीच बसले.

गुडघ्यातली गादी फाटली होती. दुर्बिणीचं ऑपरेशन, म्हणाले, मोठं काही नाही, तीन भोकं आणि दोन दिवसांत घरी. तुला आम्ही सांगितलं होतं की अब्बांच्या ओळखीने धर्मादाय दवाखान्यात झालं. तुझी परीक्षा चालू होती म्हणून तुला यायला मनाई केली, असंही सांगितलं. परीक्षा होतीच. पण यायला मनाई केली ती मनगटावरच्या पट्टीमुळे. तिच्यावर तुझं नाव होतं. ऑपरेशन कामगार विम्याच्या कार्डावर झालं आणि कार्ड तुझ्या नावाचं होतं. अम्मी तीन दिवस माझ्या उशाशी बसली, पण तिने मला नावाने एकदाही हाक मारली नाही. बेटा, बेटा करत राहिली. खोटं नाव तिच्या जिभेवर येईना.

आता जे तुला कोणीच सांगितलेलं नाही ते लिहिते. धर्मादाय दवाखान्यात खरोखर नंबर लागत होता, माझ्या नावाने, जास्मिन म्हणून. अब्बा दोनदा जाऊन आले होते. फक्त दोन महिने थांबावं लागणार होतं. अब्बा म्हणाले, थांब. मी म्हटलं, थांबले तर ठेकेदार नाव कापेल. अब्बा म्हणाले, कापू दे, ते नाव तुझं नाहीच. मी ऐकलं नाही. तू अब्बांवर रागावली आहेस ना, तो राग तिथून काढ आणि इकडे दे.

ऑपरेशनच्या वेळी कमरेत सुई देतात, खालचं अंग बधिर होतं, माणूस जागाच असतो. समोर टीव्ही होता. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, "मंतशा, जागी आहेस ना? हे बघ, हा तुझा गुडघा." मी बघितलं. आत पांढरं, शहाळ्यातल्या मलईसारखं, आणि पाण्यात एक फाटकी कड हलत होती. तो म्हणाला, ही मी आता शिवतो. शिवता शिवता थांबला आणि शेजारच्या डॉक्टरला म्हणाला, "बावीस वय आहे हिचं? आवरण किती झिजलंय बघ." मग मला विचारलं, "लहानपणापासून उभ्याचं काम करतेस का गं?" मी म्हटलं, हो सर.

तेव्हा मी एकतीसची होते, मंतशा. मला भीती वाटली नाही. उलट मनात गंमत वाटली, की डॉक्टर किती हुशार, आतून बघून वय ओळखलं. त्याने ते कागदावर लिहिलं. वय बावीस, डावा गुडघा, गादी शिवली, हाडावर झीज. माझ्या वयाचं सगळं तुझ्या वयापुढे लिहिलं गेलं आणि मी टीव्ही बघितल्यासारखी बघत राहिले. ही तुझ्या शहाण्या आपाची अक्कल.

तीन महिने विश्रांती सांगितली होती. पाचव्या आठवड्यात साहेबरावचा फोन आला, की नवीन मुलगी उभी आहे, येतेस की हिला घेऊ. मी गेले. आतला टाका उसवला तो तिथेच, उभ्या उभ्या. आता सकाळी पाय सरळ व्हायला अर्धा तास लागतो, संध्याकाळी सुजतो. नमाज खुर्चीवर बसून पढते. ज्या कामासाठी तुझं नाव घेऊन ऑपरेशन केलं, ते ऑपरेशन त्याच कामाने घालवलं. एवढं करून काय राहिलं, तर गुडघ्यावरच्या तीन खुणा, तांदळाच्या दाण्याएवढ्या.

तुझं पुढे सगळं स्वच्छ झालं. डिप्लोमा, लेखी परीक्षा, मुलाखत. पर्मनंट रोलची, क्वालिटीतली नोकरी, स्वतःच्या नावाने. आपल्या घरात अशी नोकरी कोणाला लागली नव्हती. तुझा मेसेज आला तेव्हा अम्मीने गल्लीत शिरखुर्मा वाटला, ईद नसताना. मला त्या दिवशीही काही आठवलं नाही. जॉइनिंगला तुझं आधार टाकल्याबरोबर जुना विमा नंबर वर येईल, त्यामागे जुना दवाखाना येईल, हे मला कळायला पाहिजे होतं. गुडघा तुझ्या अंगात नव्हता म्हणून मी समजले की तुझ्यामागेही नाही.

त्यांनी तुला खुलाशासाठी पंधरा दिवसांची मुदत दिली, हे तू जाताना अम्मीला सांगितलंस. मग ती वाढवून सोमवार दिला, हे फुप्पीने कळवलं. आणि मला तू एकच निरोप ठेवला होतास. आपाला सांग, या बाबतीत काही करू नको. एक गोष्टही करू नको.

मंतशा, मी केलं.

तुझ्या केसांची वेणीसुद्धा मी तुला विचारून घातली नाही कधी. शाळा मी ठरवली, डिप्लोमाची शाखा मी ठरवली. मला वाटलं हेही माझंच काम. खरं सांगितलं की तू सुटशील, असं मी मनाशी पक्कं केलं. गुरुवारी लाइनला दांडी मारून तुझ्या कंपनीत गेले. गेटवरच्या वहीत कामाचं कारण लिहा म्हणाले. मी चांगल्या अक्षरात लिहिलं, मंतशा तांबोळी हिच्या गुडघ्याबद्दल.

एचआरच्या मॅडमनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. म्हटलं, "मॅडम, तो गुडघा माझा आहे." सलवार वर करून तिन्ही खुणा दाखवल्या. त्यांनी उठून दार लावलं आणि परत येऊन समोर बसल्या. मग म्हणाल्या, "ताई, तुम्ही हे मला का सांगितलंत?"

मी म्हटलं, "खरं आहे म्हणून."

त्या म्हणाल्या, "तुमच्या बहिणीच्या गुडघ्यावर खूण नाही, हे आमच्या डॉक्टरांनी तेव्हाच पाहिलं होतं. नोंदीत कोणाचा तरी घोळ झाला असणार, असं आम्ही धरलं. सोमवारी पुन्हा तपासून ते फिट लिहिणार होते. तिचं पत्र माझ्याकडे तयार आहे."

मंतशा, त्यांनी खण उघडून ते मला दाखवलं. तुझं नाव होतं, खाली सही झालेली होती.

मी हात जोडले. म्हटलं, "मॅडम, मी आलेच नाही असं समजा." त्या म्हणाल्या, "गेटवरच्या वहीत तुम्ही कारण लिहून आलात. आणि आता मला माहीत झालं. माहीत झाल्यावर मला ते पत्र देता येत नाही." त्या वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर मला आज कोणावर तरी चिडता आलं असतं. त्यांचे डोळे भरले होते, तरी त्यांनी कागद पुढे केला आणि म्हणाल्या, जे सांगितलंत ते लिहून द्या. मी लिहिलं. सही करताना हाताने आपोआप मं काढला. तो खोडून मी पुढे जास्मिन लिहिलं. पाच वर्षांत कंपनीच्या कागदावर पहिल्यांदा माझं नाव आलं, ते असं.

तुझी निवड रद्द झाली. कारण लिहिलंय, स्वतःची कागदपत्रं दुसऱ्या व्यक्तीला वापरायला दिली. ही नोंद त्यांच्याकडे राहणार आणि त्यांच्या दुसऱ्या कंपन्यांनाही दिसणार. मी विचारलं, किती वर्षं? त्या म्हणाल्या, मला माहीत नाही.

काल सकाळी मी नेहमीसारखी लाइनला गेले. तिथे तुझ्या कंपनीतून आधीच फोन पोचला होता. ठेकेदाराने सगळ्या बायकांना ओळीत उभं केलं आणि आधार आणि तोंड जुळवून बघितलं. मला काढलं ते ठीक. पण कौशल्याबाईंना काढलं, आणखी दोघींना काढलं. कौशल्याबाई बसस्टॉपवर माझ्याशेजारी उभ्या होत्या, डबा न उघडलेला. मला म्हणाल्या, "जास्मिन व्हय गं तुजं खरं नाव? पाच वर्सं मी तुला मंतशा म्हनत हुते." मी मान हलवली. "चांगलं हाय की," म्हणाल्या. मग त्यांची बस आली आणि त्या न बघता चढल्या.

मी तिथून घरी आले नाही, थेट दिघीला आले. तुला तोंडाने सांगायचं होतं. फुप्पीचं घर तिसऱ्या मजल्यावर, तुला माहीत आहे माझं जिन्याचं. दोन जिने चढले, एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकत. तिसऱ्याला पाय वर उचलेना, म्हणून पायरीवर बसले. वर दार उघडं होतं. तू कोणाशी तरी फोनवर बोलत होतीस. म्हणत होतीस, "सोमवारी परत मेडिकल आहे, पण डॉक्टर म्हणाले होऊन जाईल, काळजी करू नको." आणि हसलीस. तीन आठवड्यांनी तुझं हसू ऐकलं. माझ्यात तो एक जिना चढायची ताकद नव्हती असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे गुडघा थोड्या वेळाने बरा झाला होता. मी तरीही खालीच उतरले.

हे ओरडून सांगण्यासारखं आहे आणि मी चिठ्ठीत लिहितेय. भित्री आहे मी. तुझ्या नावाने सगळं धीटपणे केलं, स्वतःच्या नावाने तीन जिने चढता आले नाहीत.

अम्मी-अब्बांना अजून सांगितलेलं नाही. आज सुट्टी आहे असं म्हटलंय. तुला आधी कळायला पाहिजे होतं. तुझं वाचून झालं असेल असं धरून उद्या त्यांनाही सांगेन. अब्बा काही बोलणार नाहीत, ते मला माहीत आहे, आणि तेच मला सहन होणार नाही.

तू परत ये असं वर कुठेतरी लिहिणार होते. लिहिलं नाही. कशासाठी येशील? या घरात तुला शिकवलं मी, आणि जे शिकवलं ते तुला कुठे वापरता येणार नाही असंही मीच केलं. माफी मागायची तर ती कशाची मागू, नाव घेतल्याची की परत करायला गेल्याची, मला ठरवता येत नाही. दोन्हींनी तुझंच गेलं. काही मार्ग असेल का म्हणून दोन दिवस डोकं चालवलं. मला एकही सापडला नाही, आणि सापडला असता तरी आता तो मी तुला सांगितला नसता.

एवढंच कर. सोमवारी जाऊ नकोस. सकाळी उठून तो निळा ड्रेस इस्त्री करू नकोस, बस पकडू नकोस. गेटवर तुला आत सोडणार नाहीत आणि सगळ्यांसमोर कारण विचारशील तर सगळ्यांसमोर सांगतील. तुझं नाव तिथे मोठ्याने घेतलं जाईल, आणि त्या वेळी हो म्हणायला मी नसेन.

तुझ्या नावावर जगलेली,

जास्मिन